एकवीस वर्षांची वाट

नाशिक जिल्ह्यातील येवले येथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. नागपूर येथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. या दोन तारखांमध्ये बरोबर २१ वर्षे आणि एक दिवस एवढे अंतर आहे. जयंतीच्या आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या भाषणांतून या दोन्ही दिवसांचे वर्णन आपण दरवर्षी ऐकतो. मधल्या वर्षांविषयी मात्र क्वचितच कोणी बोलते. वास्तविक लाखो माणसांना जुन्या जगण्यातून नव्या जगण्यात नेण्याचे अवघड काम त्याच वर्षांत झाले. ते कसे झाले, हे समजून घेतल्याशिवाय बाबासाहेबांच्या धम्मनेतृत्वाचे खरे मोल आपल्या ध्यानी येणार नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांच्या चरित्राकडे या एकाच वाटेने पाहण्याचा प्रयत्न येथे केला आहे.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे कबीरपंथी होते. घरात अभंग, भजने आणि रामायण-महाभारताचे वाचन नित्य चाले. आई भीमाबाई मुलाच्या लहानपणीच गेल्या. साताऱ्याच्या शाळेत वेगळे बसणे आणि तहान लागली तरी पाण्यासाठी दुसऱ्याच्या हाताकडे पाहणे भीमरावांच्या वाट्याला आले. पुढे कुटुंब मुंबईला आले आणि परळच्या चाळीतील एका खोलीत राहून ते शिकले. शालेय परीक्षेतील यशाबद्दल त्यांचा सत्कार झाला, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुसकर या विद्याव्यासंगी गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. ते पुस्तक वाचून हा मुलगा भारावून गेला. आपल्या घरात इतके ग्रंथ वाचले जातात, मग बुद्धाविषयीचे साहित्य का वाचले जात नाही, असा प्रश्न त्याने वडिलांना विचारला. पेरलेले बी त्या दिवशी मातीत गेले. ते उगवून वर यायला जवळजवळ अर्धे शतक लागले.

सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली भीमराव कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तेथून लंडनला गेले. शिक्षण अपुरे टाकून १९१७ साली ते बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले. परदेशातील विद्यापीठांत सन्मानाने वावरलेल्या या विद्वानाला त्या शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून काही दिवस काढावे लागले आणि जात उघडकीस येताच तेथूनही बाहेर पडावे लागले. त्यांच्या आयुष्यातील हा कटू धडा होता. एकट्याने कितीही शिकले, तरी भोवतालचा समाज आणि त्याच्या समजुती होत्या तशाच राहिल्या, तर शिकलेल्या माणसालाही छप्पर मिळत नाही. आपल्याला एकट्याने वर जायचे नाही, सर्वांना घेऊन जायचे आहे, हा त्यांच्या पुढील आयुष्याचा निश्चय अशाच अनुभवांतून घडला.

१९२४ साली त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि १९२५ साली सभेच्या वतीने सोलापूर येथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. आपल्यासारख्या निवासी विद्यालयात वाढलेल्यांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. महाडचा संगर आणि नाशिकचा सत्याग्रह अजून घडायचे होते. त्याआधी त्यांनी मुलांच्या निवाऱ्याची, जेवणाची आणि अभ्यासाच्या दिव्याची व्यवस्था केली.

१९२७ साली १९ आणि २० मार्च रोजी महाडची परिषद भरली. चवदार तळ्याचे पाणी घेण्याचा प्रसंग सर्वांना माहीत आहे. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना आणखी काही सांगितले होते. मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, शिळ्यापाक्या भाकरीसाठी दारोदार जाणे सोडा, मुलांना शाळेत घाला, असा त्यांचा आग्रह होता. डिसेंबरच्या परिषदेला आलेल्या स्त्रियांशी त्यांनी स्वतंत्रपणे संवाद साधला. लुगडे कसे नेसावे, जातीची खूण सांगणारे जड दागिने का टाकावेत, घर आणि मुले स्वच्छ कशी ठेवावीत, हे त्यांनी मोठ्या भावाच्या जिव्हाळ्याने समजावून सांगितले. ऐकणाऱ्या स्त्रियांनी नेसण्याची पद्धत लगेच बदलली. मोठे तत्त्व सांगायचे असले, तरी प्रारंभ माणसाच्या हातात असलेल्या गोष्टीपासून करायचा, ही त्यांची रीत होती. तळ्याच्या पाण्यावरील हक्क न्यायालयात सिद्ध व्हायला पुढे दहा वर्षे लागली. पण मृतमांस नाकारणे त्याच संध्याकाळी शक्य होते. ज्याने एक जुनी सवय स्वतःच्या निश्चयाने मोडली, तोच पुढचे मोठे पाऊल टाकू शकतो, हे त्यांनी ओळखले होते.

यानंतर जुन्या घरातच मानाची जागा मिळते का, हे पाहण्याचा प्रयत्न झाला. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि सुमारे पाच वर्षे रेंगाळत चालला. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली माणसांनी मार खाल्ला, तुरुंगवास भोगला, गावांचा बहिष्कार सोसला. मंदिराचे दार उघडले नाही. हा प्रयत्न फसला असे वरवर पाहता वाटते. परंतु सोडून जाण्यापूर्वी आपण सर्व उपाय करून पाहिले, ही खात्री समाजाला याच सत्याग्रहाने दिली. ती नसती, तर पुढे अनेकांच्या मनात रुखरुख राहिली असती.

१९३५ हे वर्ष त्यांच्या व्यक्तिगत आयुष्यातही कसोटीचे ठरले. २७ मे रोजी माता रमाई गेल्या. चार मुलांचे मृत्यू पाहिलेल्या आणि पतीच्या विद्याभ्यासासाठी दारिद्र्याशी झुंजलेल्या या माउलीच्या निधनाने बाबासाहेब खचून गेले. त्यानंतर पाच महिन्यांच्या आतच ते येवल्याच्या परिषदेत उभे राहिले. सुमारे दहा हजार लोकांसमोर त्यांनी सांगितले, की हिंदू म्हणून आपण आयुष्य संपवणार नाही. कोणता धर्म स्वीकारणार, हे मात्र त्यांनी सांगितले नाही.

या मौनाबद्दल त्यांच्यावर त्या काळी पुष्कळ टीका झाली. कोणी ही राजकीय धमकी आहे असे म्हटले, कोणी हा क्षणिक राग आहे असे म्हटले. एम. सी. राजा यांच्यासारख्या अस्पृश्य समाजातीलच नेत्यांनी धर्मांतराला उघड विरोध केला. दुसऱ्या बाजूने निरनिराळ्या धर्मांच्या प्रतिनिधींची त्यांच्याकडे रीघ लागली. १९३६ साली अमृतसरच्या शीख परिषदेस ते स्वतः जाऊन आले. इटलीहून आलेले बौद्ध भिक्खू लोकनाथ यांनी राजगृहावर येऊन त्यांची भेट घेतली. या सगळ्यांचे म्हणणे त्यांनी ऐकून घेतले, प्रश्न विचारले आणि निर्णय हातात ठेवला. ज्या निर्णयावर लाखो घरांतील जन्म, विवाह आणि मृत्यूचे संस्कार अवलंबून राहणार होते, तो आमिषाने वा दडपणाने होता कामा नये, असे त्यांना वाटत होते.

आपल्या लोकांचा कौल घेण्यासाठी ३० आणि ३१ मे १९३६ रोजी मुंबईत नायगाव-दादर भागात त्यांनी मुंबई इलाखा महार परिषद बोलावली. ‘मुक्ती कोन पथे?’ या नावाने पुढे प्रसिद्ध झालेले भाषण या परिषदेतील होय. त्यांच्या नेतृत्वाचा सर्व पाठ या एका भाषणात सापडतो. प्रवासाला निघण्यापूर्वी नावाड्याला किती उतारू आहेत हे कळावे लागते, त्यावरच त्याची तयारी अवलंबून असते, असा दाखला त्यांनी दिला. किती लोक बरोबर येणार हे समजल्याशिवाय आपल्यालाही तयारी करता येणार नाही, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. धर्मांतराला सामाजिक बाजू आहे तशी धार्मिक बाजू आहे, व्यावहारिक आहे तशी आध्यात्मिक आहे, हे त्यांनी एकेक मुद्दा घेऊन साध्या भाषेत उलगडले. धर्मांतराने सर्व दुःखे संपतील असे आमिष दाखवले नाही. मी सांगतो म्हणून या, असेही म्हटले नाही. भाषणाचा शेवट करताना त्यांनी परिनिर्वाणापूर्वी तथागतांनी आनंदाला केलेल्या उपदेशाची आठवण दिली. माणसाने स्वतःच स्वतःचा दीप व्हावे, दुसऱ्याच्या आश्रयावर विसंबू नये, हा तो उपदेश. ज्या सभेत लोक त्यांच्या तोंडून आज्ञा ऐकायला आले होते, त्या सभेत त्यांनी लोकांना स्वतः विचार करण्याची जबाबदारी देऊन घरी पाठवले.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. ही २१ वर्षे त्यांनी आधी आखून घेतली होती, असे म्हणता येणार नाही. स्वतंत्र मजूर पक्ष, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूरमंत्रिपद, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन, संविधानाची निर्मिती, स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्रिपद आणि हिंदू कोड बिलाची लढाई या कामांनी त्यांची वर्षामागून वर्षे घेतली. मधुमेहाने आणि संधिवाताने शरीर पोखरले, दृष्टी मंदावली. येवल्याला ज्यांनी हात वर केले होते, त्यांतील कितीतरी जण नागपूरचा दिवस पाहण्यापूर्वीच गेले. प्रतीक्षेची ही किंमत होती आणि ती समाजाने मोजली. परंतु मिळालेला काळ त्यांनी वाया जाऊ दिला नाही. जी नाव पैलतीराला न्यायची, तिची एकेक फळी ते या काळात जोडीत राहिले.

पहिली फळी शिक्षणाची. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय निघाले आणि १९५० साली औरंगाबादला मराठवाड्यातील मुलांसाठी महाविद्यालय सुरू झाले. ते पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्ध झाले आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. ही नावे अर्थपूर्ण आहेत. मिलिंद हा शंका विचारणारा राजा, नागसेन हा त्या शंकांना उत्तर देणारा भिक्खू. विद्यार्थ्याने प्रश्न विचारावा आणि गुरूने त्याचे समाधान करावे, ही धम्माची परंपराच त्यांनी विद्यालयाच्या पाटीवर लिहिली. दादरच्या आपल्या घराला मगधाच्या प्राचीन राजधानीवरून राजगृह हे नाव त्यांनी त्याआधीच दिले होते. दीक्षेच्या कितीतरी आधी बौद्ध इतिहासातील हे शब्द अशा रीतीने आपल्या लोकांच्या नित्य बोलण्यात रुळले.

दुसरी फळी अभ्यासाची. प्रा. पी. लक्ष्मी नरसू यांचा बौद्ध धम्माचे सार सांगणारा इंग्रजी ग्रंथ त्यांनी १९४८ साली पुन्हा प्रकाशात आणला. १९५० साली श्रीलंकेतील कँडी येथे भरलेल्या जागतिक बौद्ध परिषदेस ते गेले. बौद्ध देशांत धम्म प्रत्यक्ष कसा पाळला जातो, हे त्यांना पाहायचे होते. १९५४ साली ब्रह्मदेशातील रंगूनच्या परिषदेसही ते प्रकृती ठीक नसताना उपस्थित राहिले. त्यांनी जे पाहिले, त्यातील सर्वच त्यांना पटले असे नाही. भिक्खूंनी विहारापुरते न राहता लोकांची सेवा करावी, सामान्य माणसाच्या हाती देता येईल असा धम्माचा एकच ग्रंथ असावा, अशी मते त्यांनी १९५० सालीच एका लेखात मांडली होती. तो ग्रंथ इतर कोणी लिहीत नाही असे पाहून त्यांनी स्वतःच लेखणी उचलली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ सिद्ध करण्यात त्यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे गेली.

तिसरी फळी उपासनेची आणि संघटनेची. रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना २५ डिसेंबर १९५४ रोजी पुण्याजवळील देहूरोड येथे त्यांच्या हस्ते झाली. १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा स्थापन झाली. माणूस एक घर सोडतो तेव्हा दुसरे घर डोक्यावर असावे लागते. जुना देव्हारा उचलल्यावर त्या जागी काय ठेवायचे, सणावारी काय करायचे, लग्न कोणी लावायचे, हे प्रश्न घरातल्या वृद्ध स्त्रीच्या दृष्टीने तत्त्वज्ञानापेक्षा कमी महत्त्वाचे नसतात. या प्रश्नांची उत्तरे तयार असल्याखेरीज निघण्याची घाई करायची नाही, ही काळजी त्यांच्या या सर्व कामांत दिसते.

शेवटी २४ मे १९५६ रोजी बुद्धजयंतीच्या दिवशी मुंबईच्या नरे पार्कवर त्यांनी ऑक्टोबरात दीक्षा घेणार असल्याचे जाहीर केले. स्थळ म्हणून नागपूर निश्चित झाले. वामनराव गोडबोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयारीचा भार उचलला. व्हॅक्सीन इन्स्टिट्यूटजवळचे विस्तीर्ण मैदान निवडण्यात आले आणि दिवस ठरला अशोक विजयादशमीचा. ज्या नाग लोकांनी प्राचीन काळी बुद्धाचा धम्म भारतभर पोहोचवला, त्यांची ही भूमी म्हणून नागपूरची निवड केली, असे बाबासाहेबांनी नंतर स्पष्ट केले.

विदर्भातून, मराठवाड्यातून, खानदेशातून आणि दूरदूरच्या प्रांतांतून माणसे निघाली. कोणी आगगाडीने आले, कोणी बैलगाडीने, कोणी भाकरी बांधून पायी आले. शुभ्र वस्त्रे घालून यावे, असे सांगण्यात आले होते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या अंगावर उतरलेले कपडे पडले, त्यांनी त्या दिवसासाठी पांढरी लुगडी आणि पांढरी धोतरे मिळवली.

१४ ऑक्टोबरच्या सकाळी कुशीनाऱ्याचे वयोवृद्ध महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून बाबासाहेबांनी आणि माईसाहेबांनी त्रिसरण आणि पंचशील ग्रहण केले. जगभर ज्यांच्या विद्वत्तेचा दबदबा होता, ते वयाच्या पासष्टाव्या वर्षी विद्यार्थ्यासारखे हात जोडून भिक्खूंच्या मागोमाग पाली शब्द उच्चारत होते. नंतर त्यांनी समोरच्या जनसमुदायाकडे वळून, दीक्षा घेऊ इच्छिणाऱ्यांनी उभे राहावे, असे सांगितले. लाखोंचा समुदाय उभा राहिला. बाबासाहेबांनी स्वतः त्यांना त्रिसरण, पंचशील आणि २२ प्रतिज्ञा दिल्या. आधी आपण घ्यायचे आणि मगच दुसऱ्याला द्यायचे, हा क्रम त्यांनी त्या व्यासपीठावरही पाळला.

या २२ प्रतिज्ञा शांतपणे वाचल्या, तर त्यांची रचना किती विचारपूर्वक केली आहे हे कळते. प्रारंभीच्या प्रतिज्ञा काय सोडायचे ते सांगतात. जुनी दैवते, अवताराची कल्पना, श्राद्ध, पिंडदान, पुरोहिताकरवी होणारे विधी, असे त्यांत एकेक नाव घेऊन सांगितले आहे. मोघम काही ठेवले, तर जुने ते मागच्या दाराने परत येते, याची त्यांना जाणीव होती. मधल्या प्रतिज्ञा काय धरायचे ते सांगतात. सर्व माणसे समान मानणे, अष्टांग मार्गाने चालणे, दहा पारमितांचे पालन, प्राणिमात्रांवर दया, चोरी, असत्य, व्यभिचार आणि मद्य यांपासून दूर राहणे, प्रज्ञा, शील आणि करुणा यांवर जीवन उभारणे. शेवटच्या प्रतिज्ञांत नवा जन्म झाल्याची जाणीव आणि यापुढे बुद्धाच्या शिकवणीप्रमाणे वागण्याचा निर्धार आहे. अक्षरशत्रू शेतमजुरालाही दुसऱ्या दिवशी सकाळी उठून नेमके काय करायचे, हे या प्रतिज्ञांतून समजत होते.

१५ ऑक्टोबरला त्यांनी जे दीर्घ भाषण केले, त्यात उत्सवाचा सूर कमी आणि जबाबदारीची जाणीव अधिक होती. आपल्या आचरणाने धम्माला कमीपणा येऊ देऊ नका, प्रत्येकाने मिळकतीचा किमान विसावा हिस्सा या कार्याला द्या, असे त्यांनी सांगितले. धम्मदीक्षा देण्याचा अधिकार प्रत्येक बौद्धाला आहे, हेही त्यांनी जाहीर केले. या घोषणेचे महत्त्व त्या क्षणी किती जणांना उमगले असेल, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी ते चंद्रपूरला गेले आणि तेथेही मोठा दीक्षासमारंभ झाला. नोव्हेंबरात नेपाळमधील काठमांडूची जागतिक बौद्ध परिषद, परतीच्या वाटेवर काशी आणि सारनाथ, असा प्रवास करून ते दिल्लीला परतले. मुंबईचा दीक्षासमारंभ डिसेंबरात व्हायचा होता. ५ डिसेंबरच्या रात्रीपर्यंत ते आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद पाहत होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी पहाटे त्यांचे महापरिनिर्वाण झाल्याचे उघड झाले. दीक्षेनंतर त्यांना पुरते आठ आठवडेही मिळाले नाहीत.

नावाडी गेला आणि नाव मध्यावर होती. अशा वेळी लोक माघारी फिरले असते, तर इतिहासाने त्यांना फारसा दोष दिला नसता. घडले ते वेगळेच. ७ डिसेंबरला दादरच्या समुद्रकिनारी अंत्यसंस्कारासाठी जमलेल्या शोकाकुल जनसागराला भदंत आनंद कौसल्यायन यांनी धम्मदीक्षा दिली आणि तेथे लाखभर लोकांनी ती घेतली. ज्याच्या चितेसमोर उभे राहून लोक रडत होते, त्याच्याच वाटेने पुढे जाण्याचा निश्चय त्यांनी त्याच जागी केला. पुढील काही महिन्यांत आणि वर्षांत गावोगावी दीक्षासमारंभ होत राहिले. कित्येक ठिकाणी भिक्खू पोहोचू शकत नव्हते. तेथे त्रिसरण-पंचशील पाठ असलेला गावातलाच कोणी शिकलेला तरुण उभा राहिला आणि त्याने आपल्या आईबापांना, चुलत्यांना, शेजाऱ्यांना प्रतिज्ञा दिल्या. प्रत्येक बौद्धाला दीक्षेचा अधिकार देण्यामागचे दूरदर्शित्व अशा वेळी कळते. आज ज्याला महाराष्ट्र म्हणतो, त्या प्रदेशात १९५१ च्या जनगणनेत बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ साली ती सुमारे २७ लाख ९० हजार झाली.

हे पाऊल फुकटचे नव्हते. अनुसूचित जातींच्या सवलतींसंबंधीचा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश बौद्धांना लागू नव्हता. म्हणजे दीक्षा घेणाऱ्याला मुलाची शिष्यवृत्ती, नोकरीतील राखीव जागा यांवर पाणी सोडावे लागणार होते. महाराष्ट्र राज्याने पुढे आपल्या पातळीवर सवलती दिल्या, पण केंद्र सरकारकडून त्या मिळायला १९९० साल उजाडावे लागले. गावात बलुते बंद झाले, पाणवठ्यावर आणि पेठेत बहिष्कार पडला, मेलेली जनावरे ओढण्यास नकार दिला म्हणून मारहाण झाली. तरीही लोकांनी देव्हाऱ्यातले देव विहिरीत, नदीत विसर्जित केले आणि त्या जागी बुद्धाची तसबीर लावली. इतके सोसण्याचे बळ केवळ एका दिवसाच्या समारंभातून येत नसते. महाडपासून नागपूरपर्यंत एकेक पायरी चढत ते त्यांच्या अंगी आले होते.

बाबासाहेबांच्या अखेरच्या वर्षातील एक प्रसंग येथे सांगितल्याशिवाय हे चरित्र पुरे होणार नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथील सभेत त्यांनी आपली व्यथा बोलून दाखवली. ज्यांच्या शिक्षणासाठी आपण आयुष्य वेचले, ते शिकले-सवरलेले लोक नोकरीत स्थिरावून स्वतःपुरते पाहू लागले, खेड्यातल्या अडाणी बांधवांकडे त्यांनी पाठ फिरवली, याचे त्यांना तीव्र दुःख झाले होते. आपला समाज पैलतीराला पोहोचेल की नाही, ही शंका त्यांना शत्रूंमुळे आली नाही, आपल्याच सुशिक्षितांमुळे आली. दीक्षेला तेव्हा सात महिनेही उरले नव्हते.

ही व्यथा आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेल्या आणि पडणाऱ्या प्रत्येकाला उद्देशून आहे, असे समजूनच ती वाचली पाहिजे. दरवर्षी जून महिन्यात पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन लहान मुले या फाटकातून आत येतात. पहिले काही दिवस रात्री दिवे मालवल्यावर कोणी ना कोणी उशीत तोंड खुपसून रडते. त्यांच्या दृष्टीने तेही एक घर सोडून दुसऱ्या घरी येणेच असते. त्या वेळी वरच्या इयत्तेतला एखादा विद्यार्थी आपली चादर घेऊन शेजारी येऊन बसतो, सकाळी वंदनेच्या वेळी नव्या मुलाला त्रिसरणाचे शब्द हळू आवाजात सांगतो, गणित अडले तर पाटीवर समजावतो. त्याला कोणी हे काम नेमून दिलेले नसते. तो स्वतः काही वर्षांपूर्वी त्याच खाटेवर रडलेला असतो, एवढेच.

बाबासाहेबांनी आपल्या लोकांसाठी २१ वर्षे जे केले, त्याचे मूळ याच साध्या वृत्तीत आहे. जो आधी ती वाट चालला, त्याने मागून येणाऱ्यासाठी थांबावे, त्याच्या चालीने चालावे आणि त्याला स्वतःच्या पायांवर चालता येऊ लागले की बाजूला व्हावे. माजी विद्यार्थ्यांनी या स्मरणिकेत आपापली नावे आणि पदव्या वाचताना अभिमान अवश्य बाळगावा. त्याच वेळी आपल्या गावातील किती मुलांना आपण या फाटकापर्यंत आणून पोहोचवले, याचाही हिशेब मनाशी मांडावा. आग्र्याच्या त्या सभेतील व्यथेला आपल्याकडून द्यावयाचे उत्तर त्या हिशेबात आहे.